न विचारलेले नाव

इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोने तोलले जाते. रात्री दुकाने बंद झाली, की त्याच ओट्यांवर शेगड्या नि कढया येतात आणि मध्यरात्र उलटली तरी गल्लीतून तुपाचा वास हलत नाही. माणसांचा राबता राहिला म्हणजे तिजोऱ्यांना पहारा आयताच मिळतो, म्हणून सराफांनी ही वहिवाट चालू दिली, असे सांगतात. खरे असेल तर मौजच! सोन्याची राखण भुकेने करावी!

मी तेथे गेलो, की आधी भुट्ट्याचा कीस घेतो. मक्याची कोवळी कणसे किसायची, तुपात परतून दुधात शिजवायची आणि वर लिंबू पिळायचे. द्रोण इतका तापलेला, की या हातातून त्या हातात नाचवावा लागतो. थंडीचे दिवस असले तर पुढे गराडू. हा कंद तळून त्यावर तिखट मसाला भुरभुरतात. मालपुव्याला पोटात जागा ठेवीन म्हणतो, पण ती राहत नाही.

हा कीस ढवळणारा कोण, कोणाचा, हे तेथे कोणी विचारीत नाही. खांद्याला खांदा लावून खाणाऱ्या शेजाऱ्यालाही नाही. ज्या देशात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला तेव्हा गहजब झाला, १९२७ साली महाडला तळ्याच्या ओंजळभर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, तेथे ही गोष्ट लहान नव्हे. पण हिला समता म्हणावे का?

माझे एक स्नेही म्हणतात, "अवश्य म्हणावे! एका कढईतले खाल्ले ना?" मला ते पटत नाही. न विचारणे निराळे आणि कळल्यावरही हात मागे न घेणे निराळे. सराफ्यात कोणाच्याही हातचे मिटक्या मारीत खाणारी किती तरी सुसंस्कृत मंडळी घरी भांडी घासणाऱ्या बाईचा कप वेगळा ठेवतात. मोरीच्या खिडकीत, पालथा. विचारले तर म्हणतात, स्वच्छतेसाठी. ही स्वच्छता रात्री सराफ्यात कोठे जाते, कोण जाणे.

यंदा फराळाला बाईंना आमच्याच पंक्तीला बसवावे, असे मी घरात सुचवून पाहिले. "अहो, त्यांनाच संकोच होईल," असे उत्तर आले. होईलही. सराफ्यात प्रथम उभ्याने खाताना मलाही झाला होता. पहिला द्रोण संपेपर्यंत.