स्वप्नाची किंमत कोणी मोजायची?

मोठं होण्याची इच्छा धरण्यात पाप नाही. पण त्या इच्छेचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहिल्याशिवाय तिला निर्दोषही म्हणता येत नाही. ‘नटरंग’ हा चित्रपट मला या कसोटीवर पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो.

आनंद यादव यांच्या कादंबरीवर रवी जाधव यांनी केलेला हा चित्रपट १ जानेवारी २०१० रोजी पडद्यावर आला. अजय-अतुल यांची गाणी घरोघरी पोचली; गुणाच्या घरात काय घडलं, यावर मात्र आपण फारसं बोललो नाही. गुणा हा पिळदार अंगाचा शेतमजूर. विहिरीवर पंप बसतो आणि त्याचं काम जातं. तमाशाचं वेड अंगात असतंच. सोबत्यांना घेऊन तो फड उभा करतो. त्याला वगात राजा व्हायचं असतं. पण नाच्याशिवाय फड उभा राहत नाही आणि नाच्या व्हायला कोणी तयार होत नाही, तेव्हा तो स्वतःच ते सोंग घेतो. गाव हसतं. फड गाजू लागतो, तसा तो बायको-मुलाला दुरावत जातो आणि फडातल्या नयनाच्या जवळ येतो.

नयनावर जीव जडला म्हणून गुणा दोषी, असं म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, घराशी प्रतारणा त्याआधीच झालेली असते. नाच्या होण्याचा निर्णय तो फडात घेतो. त्या निर्णयाचे टोमणे पाणवठ्यावर, भावकीत, माहेरी ऐकायचे असतात ते त्याच्या बायकोला, द्वारकीला. ज्याची झळ तिला सर्वांत जास्त बसणार, त्याबद्दल तिला कोणी विचारलेलंच नसतं. परस्त्रीशी जडलेलं नातं हे पुढचं पाऊल झालं. घरच्या माणसाचं मत जमेस धरायचं सोडून दिलं की पहिलं पाऊल पडलेलं असतं.

मुंबईच्या जुन्या गिरणगावातल्या, लोअर परळच्या माणसाला ही गोष्ट परकी वाटू नये. तमाशाला मुंबईत जगवलं ते गिरणगावाने. पाळी सुटली की कामगार लालबागच्या हनुमान थिएटरकडे वळत. त्यातल्या कितीतरी जणांचं कुटुंब कोकणात नाहीतर घाटावर असे. इथे दाटीवाटीच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि महिन्याला गावी मनीऑर्डर. तिकडे शेत, गुरं, सासू-सासरे आणि मुलं बायको एकटी सांभाळी. फडावरच्या लावणीला ज्यांनी शिट्ट्या मारल्या, त्यांच्याही घरी एकेक द्वारकी होती. १९८२च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, पुढे ते थिएटरही बंद झालं. पण त्या घरांतल्या बायकांनी काय सोसलं, याचा हिशेब कोणी मांडला नाही.

बाईने हेच स्वप्न पाहिलं तर किंमत कोण मोजतं? तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची हकिकत महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा आल्या तेव्हा आत गेल्या, बाळंत झाल्या आणि पुन्हा प्रेक्षकांसमोर उभ्या राहिल्या. कलेचं मोल त्यांनी स्वतःच्या देहाने चुकवलं. राष्ट्रपती पदक मिळालं, तरी अखेरच्या आजारपणात पैशाची चणचण होती. २००२ साली त्या गेल्या. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. पुरुषाच्या मोठेपणाचं देणं घरच्या बाईच्या माथी, आणि बाईच्या मोठेपणाचं देणंही तिच्याच माथी, हा न्याय नव्हे.

यात आपण प्रेक्षकही सामील आहोत. ज्या नाच्याला रात्री टाळ्या दिल्या, त्याच्याच बायकोला सकाळी नावं ठेवली. समाजाने कलावंताला माणूस म्हणून मान दिला असता, तर द्वारकीचं ओझं निम्मं हलकं झालं असतं.

आज गिरण्यांच्या आवारात वेगळं संगीत वाजतं. मथुरादास मिलमध्ये ‘ब्लू फ्रॉग’ हा संगीताचा क्लब २००७ साली सुरू झाला आणि २०१६ साली बंद पडला. अशा क्लबांतून, स्टुडिओंतून, वाहिन्यांच्या स्पर्धांतून नाव कमवायला दूरदूरची मुलं-मुली येतात. त्यांच्यामागे दागिना मोडणारी आई असते, दोन नोकऱ्यांइतकं राबणारी बायको असते, स्वतःचा रियाज थांबवलेली सहचरी असते. त्यांचा त्याग राजीखुशीने असेल तर तो थोर आहे. न विचारता गृहीत धरला असेल तर ती फसवणूक आहे, मग यश कितीही मोठं मिळो.

चित्रपटाच्या शेवटी म्हाताऱ्या गुणाला जीवनगौरव पुरस्कार मिळतो. त्याच्या कलेचा तो हक्कच आहे. पण पुरस्कार कलेला मिळतो. घराचं देणं त्याने फिटत नाही. म्हणून स्वप्नामागे निघालेल्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे: ज्यांच्या जिवावर निघालात, त्यांना आधी विचारा. ते नाही म्हणाले तर थांबून ऐका, आणि हो म्हणाले तर तो शब्द आयुष्यभर पाळा.