हराळीला थांबता येतं

हराळी मरत नाही, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. उन्हाळ्यात नांगरट झाली की ढेकळांतून तिच्या पांढऱ्या काशा वर येतात. त्या वेचायच्या, बांधावर टाकायच्या, कडकडीत वाळल्या की पेटवायच्या. एवढं करूनही पेराभर काशी मातीत राहिली, तर मृगाच्या पावसावर पिकाच्या आधी तीच वर. ज्वारीच्या रानात ती दिसली की शेतकऱ्याचं तोंड कडू होतं. तीच हराळी भाद्रपदात दुर्वा होऊन गणपतीच्या डोक्यावर जाते. आणि घरात पोरंबाळं भरपूर असली की म्हातारी माणसं त्या घराला हराळीची मुळी म्हणत, तेही कौतुकानंच.

पुण्यात एका मैदानावर माळीकामाला लागलो तेव्हा तिचं तिसरं रूप पाहिलं. नर्सरीवाले बर्म्युडा म्हणून जे गवत विकतात, ते हराळीच्याच कुळातलं. पान बारीक, वाढ दाट, एवढाच फरक. औसा तालुक्यातल्या आमच्या रानात जी उपटायला आम्ही मजूर लावायचो, तिलाच जगवायचा मला पगार मिळायला लागला. मायला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिला कशाला जगवावं लागतंय रे? ती काय मरतीय होय?"

मायचं म्हणणं अर्धं खरं होतं. हराळी मरत नाही, पण हिरवी राहत नाही. पाणी तुटलं की ती आधी निळसर, राखी दिसायला लागते. चालून गेलं की पावलाचा ठसा तसाच राहतो, पातं परत उभं राहत नाही. मग ती पिवळी पडते, तांबूस होते, वरचं पान सोडून देते आणि सगळा जीव काशीत ओढून घेते. बघणाऱ्याला वाटतं, गेलं. पण ते जाणं नसतं, थांबणं असतं.

आमचे मुकादम जुने होते. त्यांनी मला जे शिकवलं ते सगळं या थांबण्याच्या तयारीचं होतं. रोज थोडं थोडं शिंपडायचं नाही; त्यानं मुळं वरच राहतात आणि पहिल्या ताणाला माना टाकतात. चार दिवसांनी द्यायचं, पण खोल मुरेल असं. तेही पहाटे, संध्याकाळी दिलं तर पान रात्रभर ओलं राहून बुरशी धरते. उन्हाळ्यात मशिनचं पातं उंच करायचं, आणि एका वेळी पानाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापायचं नाही. युरिया तर ताणात हात लावायचा नाही. युरिया टाकला की गवत दोन दिवसांत झळाळतं, साहेब लोक खूश होतात. पण ती कोवळी वाढ पाणी मागते आणि ते मिळालं नाही की गवत आधीपेक्षा वाईट अवस्थेत जातं. "रंगासाठी खत घालू नको, मुळासाठी घाल," असं ते सांगायचे.

मग 2016 सालचा उन्हाळा आला. लातुरात पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदी लावावी लागली. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की एप्रिल संपल्यावरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर न्या. मैदानांसाठी साठ लाख लिटर पाणी लागणार, असा आकडा तेव्हा सगळीकडे फिरत होता. शुद्ध केलेलं सांडपाणी वापरू, असंही कोर्टात सांगून झालं होतं. अखेर मुंबईला ठरलेला अंतिम सामना बंगळुरूला झाला. कर्नाटकातही त्या साली दुष्काळ होताच.

आमच्या मैदानाचा आयपीएलशी काही संबंध नव्हता. पण त्या दिवसांत हातात पाइप धरला की मी मनात हिशेब करायचो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिलच्या उन्हात हिरवं राहायला गवताला दिवसाला पाचेक मिलिमीटर लागतं. म्हणजे एकराला वीस हजार लिटर, चार एकरांच्या मैदानाला ऐंशी हजार. टंचाईत टँकरचं पाणी माणशी वीस लिटर धरतात. आमचं मैदान रोज चार हजार माणसांचं पाणी पीत होतं. आमच्या गावाची वस्ती त्याहून कमी आहे.

रात्री भावाचा फोन यायचा. "टँकर कवा येईल त्याचा भरवसा न्हाई. बैलं छावणीला नेली. माय विचारतीय, तुझ्याकडं पाणी हाय का?" पाणी आहे, असं मी सांगायचो. त्यापुढं काय बोलावं ते सुचायचं नाही.

मी एकदा मुकादमांकडे हा विषय काढला. ते चिडले नाहीत. म्हणाले, "इथला कॉक बंद केला तर तुझ्या गावात हंडा भरणार आहे का? पुण्यातलं पाणी लातूरला जायला मधे पाइप आहे का? आणि हे मैदान बसलं तर आपण सात जण कुठं जायचं?" यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सामने गेले म्हणून वाचलेलं पाणी आपोआप लातूरला पोचलं नाही, हेही खरं. तरीही माझं समाधान झालं नाही, आणि का झालं नाही हे कळायला मला बरेच दिवस लागले.

मुकादमांचं उत्तर पाण्याच्या वाटेबद्दल होतं. माझा प्रश्न क्रमाबद्दल होता. पाणी कमी असलं की कुणाला आधी द्यायचं, हे आपण सहसा कोण मोठा, कुणाकडे पैसा, कुणाचं वजन यावर ठरवतो. फार सज्जनपणा केला तर कोण जास्त उपयोगाचा ते बघतो. मला वाटतं, टंचाईत पहिला प्रश्न वेगळा विचारला पाहिजे: कोण थांबू शकतं? जो थांबू शकतो त्यानं मागं सरावं. मग भले त्याची टाकी भरलेली असो, बिल भरलेलं असो. लांबच्या गावात हंडा भरो न भरो, पुण्यातही त्या साली टँकरची वाट बघणाऱ्या वस्त्या होत्या. त्यांच्यापर्यंत जायला तर पाइपही लागत नव्हता.

आणि गवत थांबू शकतं, हे आम्हा माळ्यांपेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? झोपी गेलेल्या हराळीचा जीव धरून ठेवायला तीन-चार आठवड्यांतून एकदा दहा-बारा मिलिमीटर पाणी पुरतं. हिरवी ठेवायला लागतं त्याच्या बाराव्या हिश्शाएवढं. उरलेले अकरा हिस्से गवत पीत नाही, बघणाऱ्याचे डोळे पितात. खेळपट्टीचं वेगळं आहे, खेळायचं तर तिला ओल लागतेच. पण भोवतालचं सगळं वर्तुळ एप्रिलमध्ये श्रावणासारखं दिसावं, ही गवताची गरज नाही.

मे महिन्यात आमच्या बोअरनंच निकाल दिला. पाणी इतकं खाली गेलं की खेळपट्टीपुरतंच निघायचं. पंधरा दिवसांत मैदान तांबडं झालं. सकाळी फिरायला येणारे सभासद म्हणायला लागले, "मैदान मारलंत तुम्ही." एका आजोबांसमोर मी खुरप्यानं वीतभर खणलं, काशी काढली आणि नखानं मोडली. आत पांढरी, ओलसर. आजोबा बराच वेळ बोटांत धरून बघत राहिले. जूनच्या अखेरीस पाऊस लागला आणि दोन आठवड्यांत मैदान भरून आलं. आलं नाही ते फक्त फाटकाजवळ, जिथं वर्षभर गाड्या उभ्या राहून जमीन सिमेंटसारखी दबली होती. तिथं मुळांना ताणाआधीच श्वास नव्हता.

ही गोष्ट मी कुणाला सांगितली की ऐकणारा हमखास म्हणतो, "तुमची खेड्यातली माणसंही तशीच हो, हराळीसारखी चिवट." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मला ते कौतुक घ्यावंसं वाटत नाही. चिवट म्हटलं की पुढचा दुष्काळ त्यांच्या अंगावर टाकायला आपण मोकळे होतो. उठतील परत, नेहमीच उठतात! माणसाला काशी नसते. त्याला चार महिने जमिनीखाली जीव ओढून पडून राहता येत नाही. तान्ह्या पोराला आज पाणी लागतं, गाभण गाईला आज लागतं. दहावीची पोरगी टँकरच्या रांगेत उभी राहिली तर तो दिवस तिला पावसाळ्यात परत मिळत नाही.

छावणीतून परत आल्यावर भावानं एक बैल विकला. पेरणीला दुसऱ्याचा बैल मागून जू पुरं केलं. त्या पावसात आमच्या बांधावर हराळी गुडघाभर आली होती. खायला एकच बैल होता.