दोष मेंदूचा की माणसाचा?



आमच्या घराने दीक्षा घेतली त्या दिवशी माझ्या वडिलांनीही हात जोडून पंचशील घेतले. पाचवे शील उच्चारताना त्यांचा आवाज दाटून आला, तो मी माझ्या कानांनी ऐकला आहे. पुढे तीन दिवस त्यांनी थेंबही घेतला नाही. त्या तीन दिवसांत त्यांचे हात थरथरत होते, अंगाला घाम सुटत होता. रात्री भिंतीवर किडे दिसतात म्हणून ते ओरडत उठत. आम्ही काय म्हणालो? "नाटक करतात!" चौथ्या दिवशी संध्याकाळी ते गुत्त्यावर गेले. आई म्हणाली, "अहो, निदान त्या शीलाची तरी लाज धरायची होती." मी तेव्हा कॉलेजात होतो, घरातला पहिलाच शिकणारा. मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही.

वडील आज हयात नाहीत. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि मेंदूविषयी जे मिळेल ते वाचतो. वाचता वाचता एक प्रश्न मला छळू लागला. शील घेताना वडील खोटे बोलत होते काय? की दोष त्यांचा नव्हताच, त्यांच्या मेंदूचा होता? हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरातला नाही, म्हणून तो आपणापुढे मांडतो.

प्रथम मेंदूचे काम समजून घेऊ. १९५४ साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात जेम्स ओल्ड्स आणि पीटर मिलनर यांनी उंदरांच्या मेंदूत बारीक तार बसवली. दांडी दाबली की मेंदूच्या एका भागाला विजेचा सौम्य झटका मिळे. तो मिळवण्यासाठी उंदीर पुन्हा पुन्हा दांडी दाबू लागले. पुढे कळले की ओढ निर्माण करणाऱ्या या वाटेवर डोपामिन नावाचे द्रव्य काम करते. अन्नाची, पाण्याची, सोबतीची ओढ याच वाटेने येते. दारू, गर्द, तंबाखू त्याच वाटेवर जबरीने घुसतात.

वुल्फ्राम शुल्त्स या शास्त्रज्ञाने माकडांवर केलेले प्रयोग याहून उद्बोधक आहेत. माकडाला आधी एक खूण दाखवायची आणि मग फळाचा रस द्यायचा. काही काळाने डोपामिनच्या पेशी रस मिळताना नव्हे, तर खूण दिसताच उसळू लागल्या. याचा अर्थ असा की व्यसनी माणसापुढे बाटली असावीच लागत नाही. गुत्त्याचे वळण, पगाराचा दिवस, जुन्या सोबत्याची हाक एवढेही पुरते. अशा वेळी लगाम खेचणारा मेंदूचा भाग कपाळामागे असतो. तो साधारण पंचविशीपर्यंत पक्का होत असतो आणि दीर्घ व्यसनाने दुबळा होतो.

आणि ती थरथर? दारू मेंदूला दाबून ठेवते. वर्षानुवर्षे दबलेला मेंदू तोल सांभाळण्यासाठी स्वतःला अधिक उत्तेजित ठेवायला शिकतो. दारू एकाएकी थांबली की दाब जातो, उत्तेजना मात्र राहते. मग हात कापतात, भास होतात, फिट येते; प्रसंगी प्राणही जातो. म्हणजे आमच्या घरी नाटक चालले नव्हते. माणूस आजारी होता आणि आम्ही त्याला डॉक्टरकडे न नेता टोमणे मारीत होतो.

यावर कोणी म्हणेल, "मग झाले! दोष मेंदूचा. माणसाला बोल कशाला लावायचा?" इथे थांबून विचार केला पाहिजे. १ ऑगस्ट १९६६ रोजी अमेरिकेतील ऑस्टिन शहरात चार्ल्स व्हिटमन या विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या मनोऱ्यावरून गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले. त्यापूर्वी त्याने आईला आणि पत्नीला ठार मारले होते. आपल्या मृत्यूनंतर आपले शवविच्छेदन करून काही विकृती आहे का पाहावे, असे तो लिहून गेला होता. खरोखरच त्याच्या मेंदूत गाठ सापडली. तथापि तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या मंडळाला ती गाठ हेच हत्याकांडाचे कारण, असे ठामपणे म्हणता आले नाही. मेंदूत गाठ झालेली असंख्य माणसे कोणावर हात उगारीत नाहीत. मेंदूतील बिघाड माणसाला उताराकडे ढकलू शकतो. परंतु त्यावरून प्रत्येक कृत्याचा हिशेब मिटत नाही.

याच्या उलट टोकाची चूक अधिक घातक आहे आणि तिची झळ आपल्या लोकांना लागलेली आहे. १८७६ साली इटलीच्या चेझारे लोंब्रोझो यांनी ग्रंथ लिहून सांगितले की काही माणसे जन्मतःच गुन्हेगार असतात. त्यांची कवटी आणि चेहरा पाहून ती ओळखता येतात. आपल्याकडे इंग्रज सरकारने १८७१ सालीच कायदा करून जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यातही आला. पारध्याच्या, कैकाड्याच्या घरी जन्मलेले मूल पाळण्यातच चोर ठरले. १९५२ साली तो कायदा गेला, पण शिक्का पुसला काय? वस्तीतल्या मुलाच्या हातून चूक झाली की आजही "बापाचेच रक्त" असे म्हणणारे भेटतात. दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा असतो, हे खरे. परंतु धोका म्हणजे विधिलिखित नव्हे.

याचा पुरावा युद्धाने दिला. १९७१ साली व्हिएतनाममधील अमेरिकन सैनिकांत हेरॉइनचे व्यसन फोफावले होते. लघवीची तपासणी झाल्यावाचून सैनिकाला मायदेशी जाता येत नसे. तीत नशा आढळल्यास आधी ती उतरवली जाई. ली रॉबिन्स या विदुषीने परतलेल्या सुमारे ९०० सैनिकांच्या मुलाखती घेतल्या. तिकडे असताना जवळजवळ पाचातला एक जण व्यसनाधीन झाला होता. पण घरी आल्यावर पहिल्या वर्षात या व्यसनी सैनिकांपैकी शेकडा पाचच्या आसपासच पुन्हा व्यसनात अडकले. मेंदू तोच होता. बदलल्या त्या खुणा, सोबत, भय आणि रोजचे जगणे.

मात्र माझे वडील चौथ्या दिवशी त्याच गल्लीत, त्याच वळणावर, त्याच सोबत्यांत उभे होते. सैनिकाला विमानाने घरी नेले. आपल्या माणसाला कोण नेणार? आपणच त्याच्याभोवतीची वस्ती बदलली पाहिजे.

आपला धम्म नित्य आत्मा मानीत नाही. मग नित्य दारुडा आणि नित्य चोर तरी कसा मानायचा? कारणे असतात तोवर दुःख असते. कारणे हटली की ते हटते. त्याचबरोबर धम्म चेतनेला कर्म म्हणतो, म्हणून जबाबदारीही सोडवीत नाही. अंगुलिमालाला भगवंतांनी संघात घेतले. पण भिक्षेला गेल्यावर लोकांनी मारलेल्या दगडांनी त्याचे डोके फुटले, तेव्हा ते सोसण्यासही सांगितले. करुणा आणि उत्तरदायित्व अशी तिथे एकत्र नांदतात.

शील हे शिक्षापद आहे, म्हणजे शिकण्याचे पाऊल आहे. चालायला शिकणारे मूल पडले म्हणून आपण त्याला लबाड म्हणत नाही. उठवून पुन्हा उभे करतो. पण चालायचे त्यालाच असते.

म्हणून नवदीक्षित कुटुंबांना माझी विनंती आहे. घरातल्या माणसाने दारू सोडायची ठरवली, तर पहिल्याच दिवशी त्याला दवाखान्यात न्या. पगाराच्या दिवशी त्याच्यासोबत चाला. तो पडला तर विहाराचे दार लावू नका; मारहाण केली तर ती झाकूही नका. आणि त्याच्या मुलाला कधीही "बापाचे रक्त" म्हणू नका.

माझे वडील त्या दिवशी खोटे बोलले नव्हते, असे आज मला वाटते. त्यांनी मनापासून पाऊल टाकले होते आणि ते पडले, याचा दोष काही अंशी त्यांचा होता. पण उचलायला कोणी वाकले नाही, तो दोष आमचा होता. मी त्यांच्याशी वर्षभर बोललो नाही, आणि त्याला मेंदूच्या कोणत्याही आजाराचे कारण मला सांगता येणार नाही.