आगीकडे आणि काट्याकडे

सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातली माणसं गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली आहेत. जुनं सोनं मुशीत वितळवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध लगड गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवायची, हे त्यांचं काम. त्यांतलाच एक जण कोलकात्यात आला. बऊबाजारात त्याची भट्टी होती आणि बेहालात घर.

पन्नाशीनंतर त्याने एक जुनी पेट्रोलगाडी घेतली. घराला लागून अरुंद गॅरेज होतं, तिथे ती उभी असायची. कामाला तो बसनेच जायचा. गाडी सणासुदीला निघायची.

डिसेंबर आला. कोलकात्याची थंडी ती केवढी! पहाटे पारा १३-१४ अंशांवर येतो आणि गल्लीभर माकडटोप्या दिसू लागतात. अशाच एका सकाळी त्याने गाडी चालू केली, तर मागून पांढरा लोट निघाला. सायलेन्सरच्या नळीतून पाणीही टपकू लागलं.

शेजारी जमले. एक म्हणाला, हेडचं गॅस्केट गेलं. दुसरा म्हणाला, पंपावर पाणी मिसळलेलं पेट्रोल मिळालं. तिसरा म्हणाला, "दादा, किंमत येतेय तोवर विकून टाका."

त्याने गाडी रस्त्यावर काढणं बंद केलं. पण मन राहीना. रोज पहाटे तो गॅरेजमध्ये जायचा, पुन्हा चर्चा नको म्हणून शटर अर्धं खाली ओढायचा, इंजिन चालू करायचा आणि मागे उभा राहून पाच-सात मिनिटं बघायचा. रोज तोच पांढरा लोट, रोज तेच पाणी. इंजिन बंद करून तो घरात यायचा तेव्हा डोकं ठणकत असायचं. काळजीनं होतंय, असं त्याला वाटायचं.

शेवटी बायको म्हणाली, "अहो, डोकं धरून बसण्यापेक्षा मिस्त्रीला बोलवा की."

मिस्त्री आला. म्हातारा होता, उभा जन्म अँबेसिडर टॅक्स्या दुरुस्त करण्यात गेलेला. त्याने गाडीला हात लावायच्या आधी शटर पार वरपर्यंत ढकललं. मग गाडी बाहेर काढायला लावली. इंजिन थंडच होतं. त्याने कूलंटच्या टाकीत पाहिलं, पातळी जागच्या जागी होती. ऑईलची पट्टी काढून पाहिली, ऑईल दुधाळ झालेलं नव्हतं. मग इंजिन चालू करून स्टीलची ताटली नळीसमोर धरली. तिच्यावर थेंब जमले. बोट फिरवून वास घेतला. गोडूस वास नव्हता, तेलकटपणाही नव्हता.

"चला दादा, फिरून येऊ," तो म्हणाला.

दोघे डायमंड हार्बर रोडला लागले. चौरस्ता गेला, सखेरबाजार गेला, ठाकुरपुकुर गेलं. डोक्यावरून जोक्याची मेट्रो धडधडत गेली. गलाईवाला सारखा आरशात मागे बघत होता. जोक्याला मिस्त्रीने गाडी कडेला घ्यायला सांगितली, इंजिन चालूच ठेवलं आणि त्याला मागे बोलावलं. नळीतून काहीच दिसत नव्हतं. ताटलीही कोरडी राहिली.

"बरी झाली?" गलाईवाल्याने विचारलं.

"आजारी कुठे होती?" मिस्त्री म्हणाला. "पेट्रोलमध्ये हायड्रोजन असतो. जळताना तो हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतो आणि पाणी होतं. लिटरभर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी. नळी तापलेली असली की ते वाफ होऊन निघून जातं, आणि वाफ दिसत नाही. नळी आणि हवा गार असली की तिचेच थेंब होतात. तुम्ही बघत होता ते हे थेंब. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर येत राहिला, कूलंट कमी होत गेलं, तर मला बोलवा. निळा धूर आला तर ऑईल जळतंय. काळा आला तर पेट्रोल जास्त जातंय."

मग तो जरा थांबला. "तुम्ही रोज पाच मिनिटं चालवून बंद करत होता. सायलेन्सर तापायच्या आत. ते सगळं पाणी आतच साठलं. बाहेरून दिसत नाही, पण आतून पत्रा गंजतो. आणि शटर ओढून आत उभे राहत होता, ते तर फारच वाईट. या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. डोकं त्यानेच दुखत असणार. बंद जागेत माणूस मरतो त्याने."

गलाईवाला बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आमच्याकडे गिऱ्हाईक येतं, सोनं मुशीत गेलं की ते आगीकडे बघत बसतं. टाकणखार पडला, ज्वाळ उठली, की घाबरतं. आम्ही काट्याकडे बघतो. घट होते ती तिथे कळते."

लोट डोळ्यांना दिसला म्हणून त्याची भीती वाटली. गंज आणि वायू दिसले नाहीत म्हणून त्यांची वाटली नाही. आणि ज्या पहाऱ्याने तो गाडीची काळजी घेत होता, त्याच पहाऱ्याने तो तिची आणि स्वतःची हानी करत होता.

परतल्यावर मिस्त्रीने सायलेन्सरखालचं पाणी निघायचं बारीक भोक तारेने मोकळं केलं. ते गंजाने बुजलं होतं. तपकिरी पाण्याची धार लागली. आता दर रविवारी गाडी चांगली तापेपर्यंत फिरवायची आणि शटर उघडं ठेवूनच चालू करायची, असं ठरलं. डोकेदुखी गेली. सायलेन्सर मात्र पुढच्या पावसाळ्यात बदलावाच लागला, आणि त्याचे पैसे गलाईवाल्याने घासाघीस न करता मोजले.