खोलण्याआधी

पिकअप रिकामी असताना गप्प असते. मागे कांद्याच्या पिशव्या चढल्या, दुसऱ्या गिअरमध्ये रेस दिली, की खालून कुठून तरी कटकट सुरू होते आणि पाय उचलला की थांबते. अवसरी खुर्दच्या शिवारातून मंचरच्या बाजार समितीत किंवा नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल नेणाऱ्या गाड्यांची ही तक्रार इतकी नेहमीची आहे की तिच्यात तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे असे म्हटले तर लोक हसतील. प्रश्न मात्र आहे, आणि तो जुना आहे. जे दिसत नाही ते कारण, कानावर पडलेल्या कार्यावरून आपल्याला खरोखर कळते का? की आपण अंदाज बांधतो, आणि लागला तर त्यालाच ज्ञान म्हणतो? अवसरीत २००९ पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, त्यात ऑटोमोबाइलची शाखाही आहे. शाफ्ट, बेअरिंग, दातेरी चाके कशी फिरतात आणि कशी झिजतात, हे त्या शास्त्राचे काम. आवाजावरून झीज ‘कळली’ असे कधी म्हणावे, हे मात्र अक्षपाद गौतमाच्या न्यायसूत्रांत आणि त्यांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यात पाहावे लागते.

न्यायसूत्रांनी अनुमानाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतला दुसरा, ‘शेषवत्’, हा कार्यावरून कारणाकडे जाणारा. नदीला पूर आलेला पाहून वर पाऊस झाला असे ठरवणे हे त्याचे ठरलेले उदाहरण. पुढे सूत्रकार स्वतःच पूर्वपक्ष उभा करतात, आणि तो चांगलाच बोचरा आहे. नदी तुंबवली तरी ती भरलेली दिसते. मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार म्हणावे, तर कुणी वारूळ मोडले असेल. मोराची केका ऐकून मोर आहे म्हणावे, तर माणूसही तसा आवाज काढतो. तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे. इथल्या आंबेगाव तालुक्यातल्या माणसाला यातला पहिला आक्षेप समजावून सांगण्याची गरज नाही. घोड नदी कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे उन्हाळ्यातही काठोकाठ दिसते आणि डिंभे धरणातून आवर्तन सुटले की वाहतेही. वर थेंबभर पाऊस नसतो. सिद्धान्ती उत्तर देतो ते असे: पावसाच्या पुराचे पाणी आणि तुंबलेले पाणी ही एकच खूण नव्हे. पुराला वेग असतो, फेस असतो, तो पाने, फळे, लाकडे वाहून आणतो. हे न पाहता ‘नदी भरली’ एवढ्यावर जो निष्कर्ष काढतो, त्याची चूक त्याच्या माथी. अनुमानाला दोष देऊ नये. मोराच्या बाबतीत वात्स्यायन सापाचा दाखला देतो: नकली केकेने माणूस फसेल, साप फसत नाही. मोराची चिंचोली हे मोरांचे गाव इथून फार लांब नाही, पण त्या सापाची साक्ष कोण काढणार!

आता हे गाडीला लावून पाहू. ‘रेस दिली की आवाज येतो’ ही ‘नदी भरली’ याच तोडीची खूण आहे. रेस दिली की एकाच वेळी तीन गोष्टी बदलतात: इंजिनाचे फेरे वाढतात, इंजिनावरचा भार वाढतो आणि गाडीचा वेग वाढतो. आवाज यांतल्या कुणाच्या मागे जातो, हे सुटे केल्याशिवाय खूण तयारच होत नाही. म्हणून गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस देतात. तेव्हाही आवाज आला तर तो इंजिनाच्या बाजूचा. आला नाही, तर पुष्कळ जण लगेच मागच्या शाफ्टकडे वळतात आणि इथेच घाई होते. कारण न्यूट्रलमध्ये फेरे वाढतात पण भार पडत नाही. ढिले झालेले इंजिन माउंटिंग भाराखालीच आपटते, तेव्हा न्यूट्रलमध्ये तेही गप्पच राहणार. नैयायिकांच्या भाषेत हा उपाधीचा, म्हणजे लपलेल्या अटीचा दोष. जिथे धूर तिथे अग्नी हे खरे, पण जिथे अग्नी तिथे धूर हे फक्त ओल्या लाकडाच्या अटीवर. ही अट जो विसरला तो धूर न दिसल्यावर अग्नीच नाही म्हणेल. मग पुढच्या परीक्षा येतात. त्याच वेगाला एकदा तिसऱ्या आणि एकदा चौथ्या गिअरमध्ये गाडी चालवायची: आवाजाची लय गिअरबरोबर बदलली तर इंजिनाकडे, वेगाशीच बांधलेली राहिली तर शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकाकडे. पळत्या गाडीत पाय उचलायचा: घुमणारा आवाज तिथल्या तिथे बंद पडला तर डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनच्या दात्यांच्या ओढणाऱ्या बाजूवर संशय, घुमतच राहिला तर चाकाच्या बेअरिंगवर. अन्वय आणि व्यतिरेक म्हणतात तो हाच व्यवहार: हे असताना ते आहे, हे नसताना ते नाही.

माल भरल्यावरच आवाज येतो, ही खूण तर फार बोलकी आहे. गिअरबॉक्सपासून मागच्या आसापर्यंत जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना जे सांधे असतात, ज्यांना गॅरेजमध्ये नुसते ‘क्रॉस’ म्हणतात, ते शाफ्टला कोनात फिरू देतात. कोन असला की पुढचा दांडा एकसारख्या वेगाने फिरला तरी मागचा तसा फिरत नाही. प्रत्येक फेऱ्यात दोनदा जलद आणि दोनदा सावकाश होतो. दोन्ही टोकांचे कोन सारखे आणि सांधे एका रेषेत असले तर एकाची चढउतार दुसरा फेडून टाकतो. माल चढला की पाटे दबतात, आसाची जागा बदलते, कोन बदलतात; वर लहान गिअरमध्ये रेस दिली की आस स्वतःच पाट्यांवर थोडा पिळतो आणि पिनियनचे तोंड उचलले जाते. क्रॉसमधल्या सुईसारख्या रोलरचे ग्रीस संपलेले असेल, त्यांनी आपल्या जागी खाचा पाडल्या असतील, तर एरवी मुकाट असलेली ती झीज नेमकी याच घडीला बोलू लागते. क्लच सोडताना एक ‘ठक्’, पुढून रिव्हर्स घेताना पुन्हा एक ‘ठक्’, आणि चाकांना दगड लावून, न्यूट्रल करून शाफ्ट हाताने हलवला तर सांध्यात जाणवणारी फट: फेस, पाने आणि वाहून आलेली लाकडे म्हणतात ती हीच.

इथपर्यंत न्यायदर्शनाशी माझे भांडण नाही. पण ‘चूक अनुमान करणाऱ्याची, अनुमानाची नव्हे’ हे उत्तर मला फार सोयीचे वाटते. प्रत्येक अपयशाला हेच उत्तर देता येते. क्रॉस बदलला, आवाज तसाच राहिला. मग म्हणायचे, खूण नीट पाहिली नव्हती. शाफ्टचे सेंटर बेअरिंग बदलले, तरी आवाज आहेच, पुन्हा तेच. अशाने अनुमान कायम निर्दोष राहील, फक्त गाडीमालक कफल्लक होईल. चार्वाकाचा आक्षेप इथे खरा टोचतो. तो म्हणतो, धूर आणि अग्नी यांचा अखंड संबंध तुम्ही सगळ्या काळांत आणि सगळ्या ठिकाणी पाहिलेला नाही. एखादी लपलेली अट राहून गेली नसेल कशावरून? याला पूर्ण उत्तर नाही असे मला वाटते. काम चालवणारे उत्तर आहे, आणि ते वेळेत आहे: जे सांगायचे ते खोलण्याआधी सांगावे. क्रॉस गेला असेल तर आणखी काय काय दिसले पाहिजे आणि काय दिसता कामा नये, हे पाना लावण्याआधी बोलून ठेवले, की चुकीचे खापर नंतर कुणाच्या माथी मारायचे ही पळवाट उरत नाही. खोलल्यावर दिसलेल्या झिजेकडे बोट दाखवून ‘हेच ते’ म्हणणे अगदी सोपे आहे, कारण दीडदोन लाख किलोमीटर पळालेल्या गाडीत जिथे खोलाल तिथे काही ना काही झिजलेले सापडतेच.

यावर कुणी म्हणेल, मुरलेला मेकॅनिक असा तर्क करतच नाही. गाडी दारात वळताना तो कान देतो आणि सांगतो. त्याला ते ऐकूच येते, जसे आपल्याला पायरीवरच्या पावलांवरून घरचा माणूस ओळखू येतो. म्हणजे हे अनुमान नव्हे, प्रत्यक्षच. नव्य नैयायिकांनी ही शक्यताही विचारात घेतली होती: दुरून चंदन पाहताच ते सुगंधी ‘दिसते’, कारण पूर्वीचे ज्ञान डोळ्यांच्या कामात मिसळते. मला हे वर्णन पटते, आक्षेप पटत नाही. ज्ञान झटकन होते म्हणून त्याची तपासणी टळत नाही. तोच जाणता माणूस लांब स्क्रूड्रायव्हरचे टोक हौसिंगला टेकवून मुठीला कान लावतो, ‘रिकाम्या गाडीतही येतो का?’ असे विचारतो, ते उगाच नव्हे. त्याचा कान त्याला पक्ष, म्हणजे मांडायचा दावा, सुचवतो; हेतू, म्हणजे त्या दाव्याची खूण, त्याला शोधावाच लागतो. दुसरा आक्षेप नव्या काळचा: स्कॅनर लावावा, तो सांगेल. स्कॅनर हे एका अर्थी आप्तवचन आहे आणि ज्या गोष्टी त्याला कळतात त्यांत ते विश्वासार्हही आहे. पण त्याला सेन्सरने कळवलेलेच कळते, आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर कुणी सेन्सर बसवलेला नसतो. पडद्यावर दोष नाही म्हणजे गाडीत दोष नाही, हे पुन्हा ओल्या लाकडाची अट विसरणेच झाले.

‘आवाज थांबला ना, मग झाले’ हा तिसरा आक्षेप सगळ्यांत व्यवहारी आणि म्हणून सगळ्यांत बळकट. वात्स्यायनाचा आधारही त्याला मिळू शकतो, कारण ज्ञान खरे की खोटे हे त्यावर केलेली कृती फळते की नाही यावरून ठरते, असे न्यायदर्शन मानते. पण क्रॉस बदलताना शाफ्ट उतरतो, नट नव्याने आवळले जातात, ग्रीस भरले जाते, शाफ्ट परत चढवताना दोन्ही सांधे एका रेषेत येऊन बसतात. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्यावर आवाज थांबला, तर कशाने थांबला? गाडी रस्त्याला लागली, हे फळ खरे. त्यातून नेमके ज्ञान मिळाले असे होत नाही. पुढच्या वेळी तोच आवाज आला की या न मिळालेल्या ज्ञानाचे कर्ज फेडावे लागते.

खूण सुटी करून पाहण्याचा हाच मापदंड घेऊन थोडे वर पाहिले तर नैयायिकांचीच अडचण होते. दहाव्या शतकातल्या उदयनाने न्यायकुसुमांजलीत ईश्वर अनुमानाने सिद्ध केला: जग हे कार्य आहे, कार्याला कर्ता असतो, जसा घटाला कुंभार. धर्मकीर्तीने त्याच्या काही शतके आधीच याला कात्री लावली होती: वारूळही मातीचेच, म्हणून ते कुंभाराने केले म्हणायचे का? वारुळाचा हा सवाल मला निर्णायक वाटतो. ‘कार्य’ ही ‘आवाज’ या शब्दासारखीच ढोबळ खूण आहे, आणि इथे न्यूट्रलमध्ये रेस देऊन पाहण्याची सोय नाही. ईश्वर नसताना जग कसे असते, याची परीक्षा घेता येत नाही. भाविकाने यात दुखावण्याचे कारण नाही. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवात शब्दखंडनाला एक अख्खे प्रकरण दिले ते आत्मवस्तू स्वयंसिद्ध मानून. ती उजेडात आणायला शब्दही लागत नाही आणि अनुमानही. जिथे श्रद्धा अनुमानावर उभीच नाही, तिथे अनुमान मोडून तिचे काही बिघडत नाही. दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून चाकापुढे नारळ फोडणारा शेतकरी कसलेही निदान करत नसतो. ज्या वस्तूवर घर चालते तिच्यापुढे तो वाकतो, आणि त्याला हेतू किंवा उपाधी विचारणे हा अडाणीपणा होईल. पण ‘गाडीला नजर लागली, म्हणून चढावर कटकटते’ असे कुणी सांगितले, तर तो भक्तीचा उद्गार राहत नाही, कारणाचा दावा होतो. त्याला गॅरेजचाच नियम लावावा: क्रॉस तेवढा बदलावा, दृष्ट काढू नये, बाजाराच्या दिवसाएवढ्या पिशव्या भराव्यात आणि दुसऱ्या गिअरमध्ये गाडी त्याच चढावर न्यावी.