पाटी आणि ताम्रपट

गेल्या नवरात्रातली गोष्ट. टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाची रांग लागली होती, आणि त्या गर्दीतून वाट काढीत माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. आता तो संगणकाच्या व्यवसायात आहे. पाणी पिऊन झाल्यावर म्हणाला, "सर, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. मला एक वाक्य लिहून द्या. अगदी थोडक्यात; पण ते कधीच पुसले जाणार नाही."

"कोठे लिहायचे आहे?"

"बिटकॉइनच्या साखळीत."

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. त्याने समजावले ते मला कळले असे: ही एक जमाखर्चाची वही आहे, पण ती एखाद्या पेढीत नसते, तिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर असतात. साधारण दर दहा मिनिटांनी तिला एक पान जोडले जाते, आणि प्रत्येक पानावर मागच्या पानाची खूण असते. मागचे एक अक्षर बदलले, की पुढच्या साऱ्या खुणा चुकतात आणि लबाडी उघडी पडते. पैशाच्या नोंदीबरोबर चार शब्द ठेवण्याचीही तिच्यात सोय आहे. सातोशी नाकामोतो ह्या टोपणनावाच्या कर्त्याने पहिल्याच पानात ३ जानेवारी २००९ च्या लंडनच्या 'टाइम्स'चा मथळा घालून ठेवला. ब्रिटिश अर्थमंत्री बँकांना पुन्हा सावरण्याच्या बेतात आहेत, अशा अर्थाचा. २०११ साली लेन सॅसमन हा संगणकतज्ज्ञ वारला, तेव्हा मित्रांनी त्याचे स्मारक ह्याच वहीत उभारले.

शब्दांचा हा रकाना बरीच वर्षे ८० बाइटांचा होता. २०२५ साली ती मर्यादा पुष्कळ सैल झाली. तरी जागेप्रमाणे दाम मोजावे लागतेच. इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो; आपल्या देवनागरीत प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेलासुद्धा, तीन लागतात. म्हणजे जुन्या मापाने मराठीची जेमतेम २६ चिन्हे! आम्हा मराठी माणसांना मोजून बोलायला लावणारे काही तरी निघाले, म्हणून मी हसलो.

तो हसला नाही. त्याने खिशातून कागद काढला. त्यावर लिहिले होते, 'दादाने घर लाटले.'

वडील गेल्यानंतर थोरल्या भावाने राहते घर आपल्या एकट्याच्या नावावर करून घेतले, असे त्याचे म्हणणे. खरे-खोटे मला ठाऊक नाही. "कोर्टाचे कागद कपाटात कुजतील, सर. हे त्याच्या नातवंडांनाही वाचता येईल," तो म्हणाला.

त्याच्या ह्या शेवटच्या वाक्याने मी दचकलो. नातवंडांनी काय केले होते?

न पुसणारे लिहिण्याची हौस ठाण्याला नवी नाही. जेथे आज मध्यवर्ती कारागृह आहे, त्या किल्ल्यातल्या खोदकामात १७८७ साली ताम्रपट सापडले. शिलाहार राजा अरिकेसरीचे, शके ९३९ चे, म्हणजे इसवी सन १०१७ चे. ह्याच शिलाहारांच्या मुलखात गधेगाळीचे दगडही सापडतात. वर सूर्य-चंद्र, मधे लेख, आणि खाली दान मोडणाऱ्याला गाढवाची शिवी. चंद्रसूर्य असेतोवर टिकावे, हीच इच्छा. पण ताम्रपटात लिहिले काय होते? दान. राजाने स्वतःचे सोडलेले, आणि पुन्हा मागणार नाही म्हणून स्वतःला व आपल्या वंशाला बांधून घेतलेले. शिवी आहे, पण ती दानाच्या राखणीला बसवलेली. नुसती शिवी कोरण्यासाठी राजाने दगड उभा केला नव्हता.

मला माझी एक चूक आठवली. मास्तरकीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाच्या प्रगतिपुस्तकात 'खोटे बोलतो' असा शेरा लिहिला. आठ दिवसांनी कळले, तो खरे बोलत होता. मी ती ओळ खोडली, त्याच्यासमोर सही केली. ते पुस्तक साखळीतले असते, तर मी काय केले असते? 'चुकलो' असे पुढच्या पानावर लिहिता आले असते. पण आधीचा शेरा त्या पोराच्या नावापुढे तसाच राहिला असता.

म्हणून खोडरबर नेहमीच भला, असेही नाही. एप्रिल २०१८ मध्ये पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीने एका जुन्या अत्याचारप्रकरणाची माहिती मागितली. आपल्यावर त्यापायी कसे दडपण आले, हे तिने उघड्या पत्रात लिहिले. चीनमध्ये ते पत्र भराभर पुसले जाऊ लागले, तेव्हा कोणा अज्ञाताने ते इथेरियमच्या साखळीत ठेवले. तेथे खोडरबर बलवानाच्या हाती होता. दुबळ्याला न पुसणाऱ्या अक्षराखेरीज आसरा नव्हता. शिवाय त्या मुलीने आपले नाव लिहिले होते, किंमत आपण मोजली होती.

दोघा भावांचे तसे नसते. तेथे रबर दोघांच्याही हाती असतो, आणि उद्या तो वापरावासा वाटेल अशी आशा असते. ती आशा आजच्या रागाने कायमची मोडायचा हक्क आपल्याला आहे काय? मला वाटते, जे कधीच पुसता येणार नाही, त्याने लिहिणाऱ्याने आधी स्वतःला बांधावे.

हे सारे मी त्याला इतक्या नीटपणे सांगू शकलो नाही. नुसते विचारले, "आई कोणाकडे आहे?"

"दादाकडे. पण आजारी असते. मलाच न्यायची आहे."

मी त्याच्या कागदावर खाली लिहिले, 'आईला मी सांभाळीन.' त्याने सवयीने चिन्हे मोजली. त्याच्या वाक्यात तेरा होती, माझ्यात चौदा.

"हे लिहिले तर पाळावे लागेल, सर," तो म्हणाला.

"म्हणून तर."

कागद घडी करून त्याने खिशात घातला आणि तो देवीच्या रांगेकडे गेला. दोहोंपैकी काय लिहिले, हे मी अद्याप विचारलेले नाही. दिवाळीला फराळाला ये म्हटले आहे. जमले तर आईला घेऊन.