मोठे दान आणि घेणाऱ्याचा धर्म

संस्थेसाठी मोठा दाता गाठावा का, आणि गाठला तर त्याच्याकडून काय घ्यावे, हा प्रश्न भारतीय परंपरेत प्रतिग्रहाच्या, म्हणजे दान स्वीकारण्याच्या, विचारात येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायात परतफेडीची अपेक्षा न ठेवता, योग्य देश, काळ आणि पात्र पाहून दिलेले दान सात्त्विक ठरते. फळावर डोळा ठेवून दिलेले राजस. घेणाऱ्याविषयी मनुस्मृती अधिक कडक आहे. अधिकार असला तरी प्रतिग्रहाची चटक लागू देऊ नये, त्याने तेज मावळते, असे ती बजावते. संस्थेसाठी मागणारा स्वतःकरता काही घेत नाही, म्हणून हा इशारा त्याला लागू नाही असे वाटेल. पण मिंधेपणा संस्थेलाही येतो.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वात अर्धे अंग सोन्याचे झालेले मुंगूस युधिष्ठिराच्या यज्ञभूमीत लोळते. उरलेले अंग काही सोन्याचे होत नाही. ते अर्धे अंग सोन्याचे झाले होते ते एका उपाशी ब्राह्मण कुटुंबाने अतिथीला दिलेल्या सातूच्या पिठाच्या कणांनी. दानाचे मोल त्यागावर ठरते, हे या कथेचे म्हणणे खरे आहे. मात्र वसतिगृह, ग्रंथालय, शिक्षकांचे पगार यांना लाखो रुपये लागतात, आणि ते थोरल्या तिजोरीतूनच यायचे.

धोंडो केशव कर्वे यांनी ही अडचण पुरती अनुभवली. 1896 मध्ये काढलेला अनाथ बालिकाश्रम त्यांनी लहान वर्गण्यांवर वाढवला, 1916 मध्ये महिला विद्यापीठ सुरू केले. 1920 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी यांनी विद्यापीठाला पंधरा लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई यांचे नाव विद्यापीठाला लागले. नावाची अट असल्याने, काटेकोर पाहिले तर हे दान सात्त्विकाच्या व्याख्येत बसत नाही. तरी कर्व्यांचा निर्णय योग्यच होता. कारण नाव बदलले तरी स्त्रियांना मातृभाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हेतू तसाच राहिला. शिवाय ठाकरसी नुसते श्रीमंत नव्हते. जपानमधले महिला विद्यापीठ त्यांनी पाहिले होते, आणि कर्व्यांची कल्पनाही त्याच विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेवरून सुचलेली. दाता शोधायचा तो असा, कामाची ओढ ज्याला आधीच लागलेली आहे. केवळ पैसेवाल्यांच्या याद्या करून दारोदार फिरणारे कार्यकर्ते थकतात, आणि त्यांचे कामही थकते.

नाव देणे मात्र दरवेळी निर्दोष नसते. साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजचे नाव बदलण्याच्या अटीवर देऊ केलेली मोठी रक्कम कॉलेजचे संस्थापक भाऊराव पाटील यांनी नाकारली, असे सांगतात. रयतेच्या मुलांसाठी उभ्या केलेल्या त्या कॉलेजात ते नाव हाच हेतूचा भाग होता. म्हणून कर्व्यांचा होकार आणि भाऊरावांचा नकार एकमेकांच्या विरोधात जात नाहीत. दोघांनीही अट कामाच्या मुळावर येते का, एवढेच पाहिले.

दान आले म्हणून मागणे संपत नाही. ठाकरसींच्या देणगीनंतर नऊ वर्षांनी, 1929 मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे विद्यापीठाची माहिती सांगत आणि निधी मागत युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाले.